पॅकर्स, रॉजर्स आणि राहून गेलेला एक फोन

फॉक्सकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "चाळिशीला आलेला क्वार्टरबॅक टीमला नको झाला की ती काय करते?" उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

मी विस्कॉन्सिनमध्ये ॲपल्टनला राहतो. ग्रीन बे इथून गाडीने अर्धा तास. इथे आलो तेव्हा या खेळातलं काही कळत नव्हतं. आता पॅकर्स हरले की सोमवारी डबा उघडायची इच्छा होत नाही. तेव्हा हे तटस्थ माणसाचं लिखाण नाही, हे आधीच सांगतो.

खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे कर्णधार आणि सलामीचा फलंदाज एकाच माणसात. आपल्या संघाच्या प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. असा चांगला माणूस मिळायला काही संघांची वीस-वीस वर्षं जातात. पॅकर्सना लागोपाठ दोन मिळाले. १९९२ ते २००७ ब्रेट फार्व्ह, मग २००८ ते २०२२ ॲरन रॉजर्स. दोघांनी एकेक सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि दोघेही भांडूनच गेले. गेले तेही एकाच ठिकाणी, न्यूयॉर्क जेट्सकडे!

आणखी एक गोष्ट माहीत असल्याशिवाय इथल्या लोकांचा जीव का तुटतो ते कळणार नाही. पॅकर्सना मालक नाही. लाखभर वस्तीच्या गावातला हा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. शेअर असतो, पण त्यावर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही. २०२१ च्या विक्रीत मीही ३०० डॉलर आणि वर ३५ डॉलर हाताळणी खर्च भरून एक घेतला. कागद फ्रेम करून जिन्यात लावलाय. शेजारच्या आजोबांकडे १९९७ चा आहे, तेव्हा तो २०० डॉलरला होता. आजोबा कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेत. ते पॅकर्सबद्दल बोलताना कधी 'ते' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. २३ एप्रिल २०२०. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडायचा वार्षिक कार्यक्रम. त्या वर्षी कोविडमुळे तो ज्याच्या त्याच्या घरून चाललेला, लीगचे आयुक्त स्वतःच्या तळघरातून नावं वाचताहेत. आधीच्या मोसमात पॅकर्स १३–३ (१३ विजय, ३ पराभव) होते आणि सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे फॉर्टी नायनर्सकडून हरले होते. रॉजर्स ३६ वर्षांचा. सगळ्यांना वाटत होतं की आता त्याच्या हाताशी एक चांगला रिसीव्हर, म्हणजे त्याने फेकलेला चेंडू झेलणारा, देतील. त्या वर्षी रिसीव्हरचं पीकही उत्तम होतं. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट ३० व्या क्रमांकावरून पुढे सरकले, त्यासाठी मायामीला एक जादा निवडही दिली, आणि २६ व्या क्रमांकावर घेतला तो जॉर्डन लव्ह. क्वार्टरबॅक! त्या संपूर्ण ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर घेतला नाही.

रॉजर्सला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाकी जगाला कळलं तसंच त्यालाही कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि याच्यावरच हा धागा आहे: लव्हला घेतलं ते बरोबर केलं, आधी फोन केला नाही ते चुकलं. पुढची तीन वर्षं जी ओढाताण झाली, ती त्या न केलेल्या फोनची वसुली होती. करार, कोटींचे आकडे, दंड ही सगळी तिची भाषा.

रॉजर्सने उत्तर मैदानावर दिलं. २०२० मध्ये ४८ टचडाउन (चेंडू गोल रेषेपार पोचवणारे पास), फक्त ५ इंटरसेप्शन (त्याने फेकलेला चेंडू समोरच्या संघाने झेलणं), मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्बोवर, म्हणजे आमच्या घरच्या स्टेडियमवर, टॅम्पा बेविरुद्ध सामना आला, समोर ४३ वर्षांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. शेवटची दोन मिनिटं, आठ गुणांनी मागे, गोल रेषा आठ यार्डांवर, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न. प्रशिक्षक मॅट लाफ्लूर यांनी चेंडू रॉजर्सच्या हातातून काढून लाथेने फील्ड गोल मारायला सांगितला. तीन गुण मिळाले, चेंडू परत मिळालाच नाही. ३१–२६. आमच्या घरात कोणी टीव्ही बंद करायला उठलं नाही, जाहिराती चालू राहिल्या.

पुढच्या ड्राफ्टच्या दिवशीच, २९ एप्रिलला बातमी फुटली की रॉजर्सला ग्रीन बेला परतायचं नाही. करार तर चालू होता, २०१८ मध्ये केलेला, चार वर्षांची वाढ, १३ कोटी ४० लाख डॉलरची. तरी तो सरावाला आला नाही. उन्हाळी सरावाचा ५ लाखांचा बोनस सोडला, जूनच्या सक्तीच्या शिबिराचा ९३ हजारांच्या आसपासचा दंड ओढवून घेतला. पैशासाठी भांडणारा माणूस असे पैसे सोडत नाही. संघाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क मर्फी मात्र त्याच काळात जाहीरपणे त्याला 'गुंतागुंतीचा माणूस' म्हणाले. शब्द मूळचे आधीचे मॅनेजर टेड थॉम्पसन यांचे, पण त्या आठवड्यात ते उच्चारायची काहीच गरज नव्हती.

२६ जुलैला लॅम्बोवर भागधारकांची वार्षिक सभा होती. शेजारचे आजोबा गेले होते. परत आले ते आमच्या ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "येतोय तो." त्याच दिवशी समेटाची बातमी आली होती. करारातलं २०२३ चं वर्ष काढून टाकलं, मोसम संपल्यावर पुन्हा बोलायचं ठरलं. शिवाय त्याचा जुना सहकारी रँडल कॉब ह्यूस्टनहून परत आणला.

दोन दिवसांनी रॉजर्स पत्रकारांसमोर बसला आणि त्याने नावं घेतली. चार्ल्स वुडसन, जॉर्डी नेल्सन, जुलियस पेपर्स, क्ले मॅथ्यूज, जेम्स जोन्स, जॉन कून... संघासाठी वर्षानुवर्षं घाम गाळलेले लोक. यांना जाताना एकतर विचारलंच नाही, किंवा हसू यावं असा आकडा देऊ केला, किंवा निरोप धड दिला नाही, असं त्याचं म्हणणं. माझ्या कामावर परिणाम होईल अशा निर्णयात मला निदान विचारा, एवढं तो मागत होता. ते भाषण मी स्वयंपाकघरात उभ्याने पूर्ण ऐकलं. त्याच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण त्या दिवशी त्याचं एक वाक्यही खोटं वाटलं नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. करारातल्या तांत्रिक बाबी कोणी विचारल्या तर जमेल तसं सांगेन.

मृण्मयी_कोथरूड

सुंदर लिहिलंय. खेळातलं फार कळत नाही, पण वाचताना सारखा रोहित आठवत होता. मुंबई इंडियन्सने डिसेंबर २०२३ मध्ये कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं. पाच विजेतेपदं मिळवून देणारा बोरिवलीचा मुलगा! पुढच्या मोसमात वानखेडेवर हार्दिकची जी हुर्यो उडवली ती बघवत नव्हती. त्या बिचाऱ्याचा काय दोष? संघ शेवटच्या क्रमांकावर गेला तो वेगळाच. इथे लव्हचं काय झालं? त्यालाही लोकांनी असंच छळलं का?

आणि एक बाळबोध प्रश्न. करार चालू होता ना? मग एकतर खेळ म्हणायचं, नाहीतर विकून मोकळं व्हायचं. एवढं अडलं कशात?

फॉक्सकाठ

मृण्मयीताई, रोहितचं उदाहरण चपखल आहे. लव्हला तसा त्रास झाला नाही, कारण तो तीन वर्षं गप्प बसून शिकला. त्याने ना मुलाखतीतून कुरकुर केली, ना कधी बदली मागितली. हुर्यो उडाली होती ती २००८ मध्ये खुद्द रॉजर्सची. फार्व्हच्या जागी तो आला तेव्हा सरावालाही लोक ओरडत होते.

आता अडलं कशात ते. प्रत्येक संघाला वर्षाला किती खर्च करता येईल याची एक मर्यादा लीग ठरवते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२० मध्ये ती १९ कोटी ८२ लाख होती, कोविडमध्ये प्रेक्षक नसल्याने २०२१ ला १८ कोटी २५ लाखांवर आली. म्हणजे नेमकं भांडणाच्या वर्षीच सगळ्यांचा हात आखडलेला.

आणि करारात खरी मेख असते ती साइनिंग बोनसची. समजा पाच वर्षांचा करार केला आणि सहीलाच ५ कोटी दिले. पैसे खेळाडूच्या खात्यात लगेच जातात, पण कॅपच्या वहीत दर वर्षी १ कोटीच लिहिता येतात. दोन वर्षांनी त्याला दुसऱ्या संघाला दिलं तर उरलेले ३ कोटी तुमच्याच वहीत एकदम येऊन पडतात. माणूस दुसरीकडे खेळतो, बोजा तुमच्या डोक्यावर. याला इथे डेड मनी म्हणतात. १ जूननंतर सोडलं तर तो दोन वर्षांत विभागता येतो, म्हणून जूनपर्यंत सगळे श्वास रोखून बसतात.

खेळाडूच्या बाजूनेही कोंडी असते. पूर्वी शिबिराला दांडी मारून बसलेल्याचा दंड संघ समेटात माफ करायचा. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानंतर दिवसाला ५० हजार डॉलर, आणि चालू करारावरच्या जुन्या खेळाडूला तो माफ करायची संघाला मुभाच नाही. दोघांच्याही गळ्यात दोरी, टोकं एकमेकांच्या हातात.

रॉजर्सचा शेवटचा हिशेबही सांगून टाकतो. मार्च २०२२ मध्ये त्याच्याशी १५ कोटी ८ लाखांचा तीन वर्षांचा करार केला आणि तेरा महिन्यांत त्याला जेट्सना दिलं. २०२३ च्या कॅपमध्ये न खेळणाऱ्या रॉजर्सचे ४ कोटी ३ लाख डॉलर. त्या वर्षीची मर्यादा होती २२ कोटी ४८ लाख. सहाव्या हिश्श्याहून जास्त!

इंडीतला_अण्णा

आमच्या इंडियानापोलिसची गोष्ट याच्या शेजारी ठेवतो. आमचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या, २०११ चा पूर्ण मोसम तो बाहेर. संघाची दैना होऊन ड्राफ्टची पहिली निवड मिळाली, आणि समोर अँड्र्यू लक हा तरुण क्वार्टरबॅक होता. मार्च २०१२ मध्ये मॅनिंगला २ कोटी ८० लाखांचा बोनस देण्याची तारीख आली. द्यायचा की सोडायचं?

७ मार्चला मालक जिम अर्से आणि मॅनिंग एकाच व्यासपीठावर आले. दोघांचेही आवाज भरून आलेले. मी तेव्हा ऑफिसच्या कॅंटीनमध्ये होतो, तिथला टीव्ही लावलेला. पोळ्या लाटायच्या मशीनसारखा सतत खडखडणारा तो डिशवॉशर कोणीतरी बंद केला. इतकी शांतता मी त्या कॅंटीनमध्ये परत कधी पाहिली नाही.

मॅनिंग डेन्व्हरला गेला, तिथे फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकला. आम्हाला वाईट वाटलं, राग नाही आला. त्याचा पुतळा आज आमच्या स्टेडियमबाहेर उभा आहे. पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर मॅनिंगला रॉजर्सपेक्षा कठोरपणे काढलं, सरळ मोकळंच केलं. फरक एवढाच की त्याला ते समोर बसवून सांगितलं.

म्हणून फॉक्सकाठ, तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

चौथा_डाउन

+१ अण्णा. तो दिवस मलाही आठवतो.

निशिगंधा_र

मी वेगळ्या बाजूने लिहिते, धागाकर्त्यांनी राग मानू नये.

मी भरतीच्या कामात सोळा वर्षं आहे. कुठल्याही जबाबदार संस्थेत उत्तराधिकारी शोधायचा निर्णय त्या खुर्चीत बसलेल्याला विचारून होत नाही. होऊच शकत नाही. विचारलं तर तो 'इतक्यात नको' म्हणणार, सगळेच म्हणतात. ड्राफ्टमध्ये तर गुप्तता हाच सगळा खेळ. कोणाला घ्यायचं ठरवलंय हे बाहेर गेलं तर दुसरा संघ पुढे सरकून त्याला पळवतो. सामन्याच्या चाली तरी कोणी आधी सांगतं का?

शिवाय २००५ आठवा. फार्व्ह ३५ वर्षांचा असताना २४ व्या क्रमांकावर रॉजर्सला घेतलं ते फार्व्हला विचारून घेतलं होतं का? त्या निर्णयाचा सगळ्यात मोठा लाभार्थी स्वतः रॉजर्स आहे. ज्या दाराने आपण आत आलो तेच दार दुसऱ्यासाठी उघडलं म्हणून तक्रार कशी करायची?

आणि समेटानंतर काय झालं? २०२२ चा तो प्रचंड करार, त्याच आठवड्यात त्याचा लाडका रिसीव्हर दावांते ॲडम्स रेडर्स संघाकडे गेला, तोही समजूत काढूनसुद्धा थांबला नाही. मग ८–९ असा मोसम, शेवटच्या सामन्यात घरच्या मैदानावर लायन्सकडून हार. म्हाताऱ्या ताऱ्याची समजूत काढायला मोजलेल्या पैशांतून संघाला काय मिळालं? मला तर वाटतं २०२१ च्या जूनमध्येच धाडस करून त्याला दिलं असतं तर तिप्पट मोबदला मिळाला असता.

फॉक्सकाठ

निशिगंधाताई, राग कसला, असं लिहिणारं कोणीतरी हवंच होतं.

'विचारून' आणि 'सांगून' यांत मी फरक करतो. परवानगी मागावी असं मी म्हणतच नाही. पण तीस वर्षांत दोनच क्वार्टरबॅक झालेल्या संघाला एक फोन जड नव्हता. "आज आम्ही कदाचित एका क्वार्टरबॅकवर उडी मारू, नाव सांगत नाही, तुझी जागा उद्या जात नाही." यातून काही फुटत नाही. गुटेकुन्स्ट यांनी स्वतः नंतर मान्य केलं की याबाबतचा संवाद आणखी चांगला होऊ शकला असता.

२००५ चा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रॉजर्सला ते सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. कदाचित म्हणूनच जास्त लागलं असेल. तो बाकावर बसून तीन वर्षं बघत होता की इथे शेवट कसा होतो.

तिप्पट मोबदल्याबद्दल असहमत. जून २०२१ मध्ये दिलं असतं तर २०२१ चा मोसम मिळाला नसता. १३ विजय, ३७ टचडाउन, ४ इंटरसेप्शन, त्याचं चौथं सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक. जानेवारीतल्या बाद सामन्यात, त्या बर्फात, आमचा पंट (चेंडू लाथेने लांब पाठवणं) अडवला गेला नसता तर आज हा धागा वेगळाच असता. १३–१० ने हरलो. जाऊ दे, त्या सामन्याबद्दल मला लिहवत नाही.

मिनेसोटाचा_मंगेश

आता आमची बाजू. मी मिनेसोटाच्या व्हायकिंग्ज संघाचा, त्यामुळे फॉक्सकाठसाहेबांचा जन्माचा शेजारी आणि वैरी.

२००८ चं भांडण रॉजर्सच्या भांडणापेक्षा कितीतरी कडवट होतं. फार्व्हचा पॅकर्ससाठी शेवटचा चेंडू, जानेवारी २००८, लॅम्बोवर शून्याखाली अठरा सेल्सियस, ओव्हरटाइममध्ये जायंट्सच्या कोरी वेबस्टरने अडवला. मार्चमध्ये तो रडत निवृत्त झाला. जुलैत म्हणाला, मला खेळायचंय. तोवर संघाने रॉजर्सला शब्द दिलेला. 'मग मला मोकळं करा' म्हणाला, तर तेही नाही, कारण त्यांना पक्कं माहीत होतं की तो सीमा ओलांडून आमच्याकडे येणार. आम्ही चोरून बोललो म्हणून लीगकडे तक्रारसुद्धा केली, त्यात काही निघालं नाही. घरी बसून संघाचा चेहरा राहण्यासाठी त्याला दहा वर्षांत २ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. तो ऑगस्टमध्ये थेट विमानाने ग्रीन बेला येऊन उतरला!

शेवटी जेट्सना दिला, आणि व्यवहारात कलम घातलं की त्याला जेट्सनी आम्हाला दिलं तर पॅकर्सना पहिल्या फेरीच्या तीन निवडी द्याव्या लागतील. आमच्या भीतीपोटी लिहिलेलं कलम! तो एक मोसम तिथे खेळला, पुन्हा निवृत्त झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये आमचा झाला.

१ नोव्हेंबर २००९ ला आमच्या जांभळ्या शर्टात तो लॅम्बोवर उतरला तेव्हा मी वरच्या बाकांवर होतो. सोळा वर्षं ज्यांनी त्याच्या नावाने पोरांची नावं ठेवली ते लोक घसा फाटेस्तोवर त्याच्यावर ओरडत होते. माझ्या शेजारी एक बाई होत्या, अंगात फार्व्हचा ४ नंबरचा हिरवा शर्ट. त्या ओरडत नव्हत्या. सबंध सामनाभर हात मांडीवर ठेवून बसल्या. आम्ही ३८–२६ जिंकलो. मी उड्या मारायला उठलो आणि त्यांच्याकडे बघून परत बसलो.

त्या मोसमात चाळीस वर्षांच्या माणसाने ३३ टचडाउन टाकले, फक्त ७ इंटरसेप्शन. म्हणजे पॅकर्सचं चुकलं? नाही. रॉजर्सने पुढच्याच वर्षीच्या मोसमात त्यांना सुपर बोल जिंकून दिला. आमच्याकडे एक आठवण राहिली आणि सुपर बोलच्या दारात, न्यू ऑर्लिन्समधला त्याचा तो शेवटचा इंटरसेप्शन.

बापू_नागपूर

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एक लिहावंसं वाटलं.

माझे वडील एका सूतगिरणीत मुख्य फिटर होते. एकतीस वर्षं. यंत्राला कान लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. एक पोरगा हाताखाली दिला, त्याला त्यांनी सगळं शिकवलं, घरी जेवायला आणायचे. एक दिवस पाळी सुटताना नोटीस बोर्डावर कागद होता, अमुक तारखेपासून विभाग त्या पोराकडे. साहेबांनी बोलावून सांगितलं असतं तर वडिलांनी स्वतःच्या हाताने किल्ल्या दिल्या असत्या, तेवढं ते मोठे होते. त्यांनी कागद वाचला, सायकल घेतली आणि घरी आले. आईला म्हणाले, "आज भाकर नको."

तो पोरगा नंतर रडत आला होता. त्यालाही माहीत नव्हतं.

फॉक्सकाठजी, तुमचा तो फोन मला समजला.

निशिगंधा_र

बापू, हे वाचून थांबले. माझ्या वरच्या प्रतिसादातलं 'गुप्तता हाच खेळ' हे ड्राफ्टपुरतं मी अजूनही खरं मानते. पण निवड झाल्यानंतरच्या तासाभरात तरी गुप्ततेचं कारण उरत नाही. तेव्हाही मोठ्या माणसाने फोन उचलायला हवा, हे मान्य.

मृण्मयी_कोथरूड

जेट्सकडे जाऊन पुढे काय झालं त्याचं?

चौथा_डाउन

११ सप्टेंबर २०२३, जेट्ससाठीचा पहिला सामना. अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत आला. स्टेडियम वेडं झालेलं. चौथ्या चालीत खाली पडला, उठला, पुन्हा बसला. टाचेची शीर तुटली. मोसम संपला.

व्यवहारात असं होतं की तो ६५ टक्के चाली खेळला तर जेट्सची २०२४ ची पहिल्या फेरीची निवड पॅकर्सना. चारच चाली झाल्याने दुसऱ्या फेरीची मिळाली. २०२४ चा मोसम तो पूर्ण खेळला, पण संघ हरतच राहिला. २०२५ मध्ये जेट्सनी सोडला, मग पिट्सबर्गला गेला.

मिनेसोटाचा_मंगेश

वैरी असलो तरी त्या रात्री मलाही वाईट वाटलं होतं.

इंडीतला_अण्णा

फॉक्सकाठ, फार्व्हशी पॅकर्सचं पुढे जुळलं ना? ते लिहा. रॉजर्सचंही तसं होईल असं वाटतं का?

फॉक्सकाठ

बापू, तुमच्या वडिलांबद्दल वाचल्यावर काल रात्री उत्तर लिहायला घेतलं आणि जमलं नाही. नमस्कार सांगतो, एवढंच.

अण्णा, फार्व्हचं जुळलं, पण सात वर्षं गेली. जुलै २०१५ मध्ये त्याचा ४ नंबर निवृत्त केला. त्या दिवशी सामना नव्हता, नुसता समारंभ, तरी स्टेडियमच्या बाकांवर सदुसष्ट हजारांच्या आसपास माणसं. मग नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या रात्री, बेअर्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, नावाचं अनावरण झालं. पाऊस पडत होता. बार्ट स्टार आले होते, साठच्या दशकातले आमचे क्वार्टरबॅक, वय ८१, आधीच्या वर्षी पक्षाघाताचे झटके येऊन गेलेले. गाडीतून त्यांना मैदानावर आणलं आणि फार्व्ह वाकून त्यांच्याशी बोलला. मी तिथे होतो. बोटं गारठून फोन धरता येत नव्हता, म्हणून फोटो नाही. सामना आम्ही १७–१३ हरलो आणि परत येताना गाडीत कोणी हरण्याबद्दल बोललं नाही.

रॉजर्सचंही होईल. मध्ये बरंच काही झालंय, कोविडच्या लसीवरून झालेला गोंधळ मला आजही खटकतो, पण अठरा मोसम पुसता येत नाहीत. लोक येतील. मी जाणार. मंगेशराव, तुम्हीही या, जांभळं जॅकेट घरी ठेवून.

मृण्मयीताईंनी लव्हबद्दल विचारलं होतं ते अर्धं राहिलं. २०२३ मध्ये पहिल्याच पूर्ण मोसमात त्याने ९–८ करून संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेला, डॅलसला त्यांच्या घरी ४८–३२ हरवलं. जुलै २०२४ मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा २२ कोटींचा करार झाला. आणि २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला, त्यात पॅकर्सनी २००२ नंतर पहिल्यांदा पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, मॅथ्यू गोल्डन. नाव पुकारल्यावर जो आवाज उठला, त्यात २०२० ची थकबाकी होती असं मला वाटलं.

एक लहानशी आठवण लिहून थांबतो. पॅकर्सची जुनी रीत आहे की उन्हाळी शिबिरात खेळाडू स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत गावातल्या पोरांच्या सायकली चालवत जातात, आणि पोरगं शेजारून हेल्मेट धरून पळतं. २०२३ मध्ये, रॉजर्सशिवायचं पहिलं शिबिर, माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. आदल्या रात्री त्याने विचारलं, "बाबा, बारा नंबर घालू की दहा?" बारा म्हणजे रॉजर्स, दहा म्हणजे लव्ह. मी म्हटलं, तुला हवा तो घाल. त्याने बारा घातला.

सकाळी दीडशे किलोच्या आसपासचा एक नवखा लाइनमन त्याच्या सायकलवर बसला. गुडघे पार छातीपर्यंत येत होते, पुढचं चाक डगमगत होतं. मुलगा दोन्ही हातांनी हेल्मेट कवटाळून पळत होता. मैदानाच्या फाटकाशी त्या खेळाडूने सायकल हळूच स्टँडवर लावली, त्याच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि म्हणाला, "चांगला नंबर आहे." मग हेल्मेट घेऊन आत गेला.

सायकलची सीट पार खाली बसली होती. घरी येऊन पान्याने वर केली.